मदत हवी आहे: आप्पांना आयसीडी (छातीत बसवायचं, ठोक्यांवर लक्ष ठेवणारं यंत्र) बसवावं का?

आमचे आप्पा ६४ वर्षांचे, रावेर तालुक्यात केळीची शेती. दीड वर्षापूर्वी अटॅक आला, तेव्हापासून हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमजोर. सहा महिने गोळ्या एकही दिवस न चुकवता घेतल्या, तरी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, २८ टक्केच. डॉक्टर म्हणतात आयसीडी बसवा. ठोके अचानक बिघडले तर ते आतून शॉक देऊन जीव वाचवतं, पण त्यानं दम लागणं कमी होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिथंच आमचं मन अडतंय.

आई रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर लिहिते. अंगात पाणी साठून दोन दिवसांत दोन किलो वाढलं की पायावर बोट दाबल्यावर खड्डा पडतो. पाणी मोजून, शेवभाजी-पापड बंद. गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून केळीसुद्धा जपून. केळीवाल्याच्या घरात हे फार जड जातं हो.

आप्पांचा एकच प्रश्न, "मंग रातले मोटार चालू कराले जाता येईन का?" विहिरीवर स्टार्टर आहे, बांधाला लागून वेल्डिंगचं दुकान; त्यांच्या विजेचा या यंत्रावर परिणाम होईल का, ही धास्ती.

जळगाव-भुसावळकडं कुणाच्या घरी बसवलंय का? शेतीची कामं पुन्हा सुरू झाली का? शॉक बसला तर नंतर माणूस मनानं कसा सावरला? तपासणीला किती वेळा जावं लागतं? पुढच्या सोमवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचंय.