सल्ला हवा : कादिझला दोन दिवस, आईचे गुडघे आणि बाबांचा इतिहास

मंजू_डब्लिन
नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आई-बाबा सांगलीहून येतायत. सेव्हिलचं बुकिंग झालंय, त्यातले दोन दिवस काढून समुद्राकाठच्या कादिझला जायचं घाटतंय. आम्ही पाच जण : आई-बाबा, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचे चिरंजीव. आईचे गुडघे कुरकुरतात, म्हणून पायऱ्या कमीत कमी हव्यात. शिवाय ती अंडंही खात नाही. बाबांना जुने दगडधोंडे दाखवले की जेवणाचीही शुद्ध राहत नाही. चिरंजीवांना फक्त बोट हवी. राहणं सोडून दोन दिवसांचं फिरणं-खाणं २०० युरोत बसवायचंय. पाच जणांचं. काय बघावं, काय सोडावं, राहावं कुठे?

पोटोबा
पारादोरला, म्हणजे तिथल्या सरकारी हॉटेलात राहा. डोळे झाकून. आम्ही २०१९ ला राहिलो होतो. समोर अटलांटिक, गच्चीवर पोहायचा तलाव, सूर्यास्त थेट पाण्यात. बायको अजून नाव काढते. खर्च होतो थोडा, पण आई-बाबा काय रोज येतात?

मंजू_डब्लिन
@पोटोबा, छान असणार, पण राहण्याचं बजेट वेगळं असलं तरी तेवढं वेगळं नाही हो.

फिरस्ता_बार्सा
कादिझ कशाला? बार्सिलोनाला जा. स्पेन म्हणजे बार्सिलोना.

सेवियाची_सून
बार्सिलोना तिथून हजारभर किलोमीटर आहे, आणि तिने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय!
मंजू, मी चौदा वर्षं सेवियात (म्हणजे तुझं सेव्हिल) आहे, कादिझला दर उन्हाळ्यात जाते. ट्रेन पकड, पावणेदोन तासांत थेट जुन्या गावाच्या तोंडाशी उतरवते. गाडी भाड्याने घेऊ नकोस, तिथे पार्किंगचा छळ आहे. जुनं गाव तीन बाजूंनी पाण्यात आहे, जवळजवळ सपाट आहे, गुडघ्यांना त्याहून बरं गाव नाही. तारखा ईस्टरच्या आठवड्यात येतायत का ते मात्र आधी बघ. मिरवणुकांनी गल्ल्या बंद होतात आणि खोल्यांचे भाव चढतात.
बाबांसाठी पहिलं ठिकाण म्हणजे कादिझ म्युझियम. फिनिशियन, म्हणजे लेबनॉनकडच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापारी लोकांच्या दोन संगमरवरी शवपेट्या आहेत, माणसाच्या आकारात कोरलेल्या, एक पुरुषाची, एक बाईची. पुरुषाची १८८७ मध्ये सापडली. मग म्युझियमचे संचालक पेलायो किंतेरो यांनी जन्मभर ध्यास घेतला की हिची जोडी कुठेतरी असणारच. ते गेले १९४६ मध्ये. बाईची पेटी सापडली १९८० मध्ये, आणि ती त्यांच्याच घराच्या जागेत सापडली असं गावातले लोक सांगतात. दोघांना शेजारी-शेजारी ठेवलंय. सोमवारी म्युझियम बंद असतं, लक्षात ठेव.

अवलिया_६२
म्युझियम फुकट आहे. आम्ही एक पैसा दिला नाही.

खवचट
काका, तुमचा पासपोर्ट जर्मन आहे म्हणून. युरोपीय संघाच्या नागरिकांना फुकट, बाकीच्यांना दीड युरो.

अवलिया_६२
दीड युरो म्हणजे फुकटच की.

खवचट
मग "एक पैसा दिला नाही" असं का लिहिलंत?

रेल्वेवाला
तुमचं चालू द्या. ताई, तोर्रे ताविरा सोडू नका. जुन्या व्यापाऱ्यांनी आपापली जहाजं येताना दिसावीत म्हणून घरांवर टेहळणीचे मनोरे बांधले होते, त्यातले शंभराहून जास्त अजून उभे आहेत. ताविरा त्यातला सगळ्यात उंच. वर अंधारी खोली, मध्ये पांढरी वाटोळी तबकडी आणि छतातून आरसा-भिंग लावून आख्खं गाव त्या तबकडीवर हलतं दाखवतात. मी गेलो तेव्हा एका गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होत्या, त्या तबकडीवर तळहाताएवढ्या दिसत होत्या. दाखवणाऱ्या मुलीने कागदाचा तुकडा तबकडीवर धरून रस्त्यातल्या माणसाला त्यावर "उचललं". माझा मुलगा तीन दिवस त्याच गोष्टीवर होता. वीज-बिज काही नाही, सगळा उजेडाचा खेळ. वेळ आधी बुक करा, नाहीतर आमच्यासारखे दोन तास ताटकळाल.

सेवियाची_सून
पण लिफ्ट नाही. आईंना नेऊ नका, आणि ढगाळ दिवशी कुणीच जाऊ नका, उजेडच नसेल तर चित्र काय उमटणार! आईंना कॅथेड्रलचा मनोरा द्या. तिथे पायऱ्यांऐवजी बहुतेक सगळा उतार आहे, सेवियाच्या कॅथेड्रलच्या हिराल्दा मनोऱ्यासारखा. हळूहळू, थांबत-थांबत चढता येतं.

पोटोबा
पारादोरला लिफ्ट आहे.

शिंपला
कॅथेड्रलमध्ये आत गेल्यावर वर बघा, छताखाली जाळ्या लावल्यात. मला वाटलं कबुतरांसाठी. समुद्राच्या खाऱ्या हवेने दगड झिजतो आणि त्याचे कपचे पडतात म्हणून आहेत. १७२२ ला बांधायला घेतलं, १८३८ ला संपलं, तरी अजून डागडुजी चालूच. आमच्या सोसायटीच्या प्लास्टरची आठवण झाली. बाकी तो पिवळ्या टाइल्सचा घुमट लांबूनच भारी दिसतो. त्यासाठी आत जाऊन तिकीट काढायची गरज नाही असं माझं मत.

रेल्वेवाला
असहमत. खालचं तळघर फार सुंदर आहे, समुद्रसपाटीच्याही खाली. मान्वेल दे फाया या संगीतकाराची समाधी तिथे आहे. टाळी वाजवून बघा, कसा घुमतो आवाज.

अवलिया_६२
मुळात ते कादिझ नाही, कादिथ. स्पॅनिशमध्ये झ नसतो.

सेवियाची_सून
काका, माद्रिदकडे कादिथ. खुद्द गावातले लोक "काई" म्हणतात. तुम्ही कादिथ म्हणालात की लगेच कळतं पाहुणे आलेत.

अवलिया_६२
आम्ही पाहुणेच होतो.

खवचट
:)

कोकणी_जवळा
खाण्याचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. तोर्तियितास दे कामारोनेस. आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी घालून चण्याच्या आणि गव्हाच्या पिठाची पातळ धिरडी, तेलात कुरकुरीत तळलेली. मालवणात आजी करायची त्याच्या तोंडात मारतील अशी. समुद्रफूलही (सी अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) तळून देतात, ओर्तिगियास म्हणतात. कुरकुरीत कवच आणि आत समुद्राची चव. मी सहा खाल्ली, रात्री त्रास झाला, पण त्यात तेलाचा दोष असेल.

मंजू_डब्लिन
आई शाकाहारी आहे होssss

कोकणी_जवळा
मग बाबांना द्या.

सेवियाची_सून
मंजू, "सिन कार्ने" एवढंच म्हणू नकोस. त्याचा अर्थ फक्त मांस नको, मासा चालतो असंच ते धरतात. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा बटाट्याची कोशिंबीर वाढली, वर ट्यूना. "नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, नी वेवो" असं पाठ करून ठेव, म्हणजे मांस, मासा, हॅम, अंडं सगळं आलं. मिळेल ते : पालक-चणे, तळलेले बटाटे, टोमॅटो-ब्रेड, आणि पायोयो नावाचं इथल्या डोंगरातल्या शेळ्यांचं चीज. माशाच्या तळणीच्या दुकानात बटाटेही मागू नकोस, तेल तेच असतं. सकाळी मंडईजवळ चुरो मिळतात, पीठ-पाणी-मीठ. मोठ्या सोऱ्यातून पाडल्यासारखे. आईंना नक्की आवडतील. मंडई रविवारी बंद.
आणि दुपारी चारनंतर स्वयंपाकघरं बंद, ती थेट रात्री आठ-साडेआठला उघडतात. मुलासाठी काहीतरी पिशवीत ठेव.

शेंगदाणा
+१. आमची साडेपाचला भुकेने वाट लागली होती. शेवटी बाकरवडी.

शिंपला
फुकट गोष्टी सांगतो, कारण २०० युरोचा विषय कुणालाच आठवत नाहीये. सांता कातालिना किल्ला फुकट. १५९६ ला इंग्रज आणि डचांनी गाव लुटून जाळलं, त्यानंतर दोनच वर्षांत बांधायला घेतला. शेजारी ला कालेता किनारा, तो २००२ च्या बाँडपटात हवाना म्हणून दाखवलाय. दुसऱ्या टोकाच्या सान सेबास्तियान किल्ल्यापर्यंत दगडी बांधावरून चालत जाता येतं. आम्हाला आत सोडलं नाही, पण चालण्यातच मजा आहे. बाहुलीनाट्यगृहाच्या खाली गादीर म्हणून फिनिशियन वस्ती खणून काढलीय, रस्त्याच्या पातळीखाली नऊ मीटर. चुली, भिंती, गल्ल्या, आणि एका मांजराचा सांगाडा. मुलगा बोट विसरेल. तेही फुकट, ठरावीक वेळेला गटागटाने सोडतात.
अजून एक. गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर जुन्या तोफा उभ्या पुरल्यात, गाड्यांच्या चाकांनी भिंतीचे कोपरे फुटू नयेत म्हणून. बाबांना मोजायला सांगा.

फिरस्ता_बार्सा
एवढ्या वेळात बार्सिलोना बघून झालं असतं.

रेल्वेवाला
रोमन थिएटर राहिलं ना. १९८० ला सापडलं, वर गावच वसलेलं होतं. बोगद्यासारख्या गॅलरीतून चालता येतं.
वाऱ्याचंही सांगतो : पूर्वेकडून लेवांते सुटला की किनारा सोडून गल्लीत शिरा. आमची छत्री गेली. छत्री धरणाऱ्या मेहुण्याची टोपी गेली. संध्याकाळी कानातून वाळू काढत बसलो होतो.

सेवियाची_सून
बोटीसाठी खाडीपलीकडच्या एल पुएर्तो दे सांता मारियाला जा. कॅटामरान (जोड-तळाची प्रवासी बोट) अर्ध्या तासात नेतो, बसच्या तिकिटासारखे पैसे. पण राहायला मात्र कादिझच्या जुन्या गावात राहा. रात्री गल्ल्यांत फिरण्यातच खरी मजा.

पोटोबा, रेल्वेवाला, शिंपला (वेगवेगळ्या प्रतिसादांत)
जुन्या गावातच.

मंजू_डब्लिन
सगळ्यांचे आभार. ठरलं. एल पुएर्तोला फ्लॅट घेतलाय.

सेवियाची_सून
अगं मी एवढं सांगितलं!

मंजू_डब्लिन
स्वयंपाकघर आहे, भाडं कमी आहे आणि बोटीने रोज ये-जा. चिरंजीवांनी मत दिलं आणि आईने डाळ-तांदूळ बांधून घेतले, मग माझं कोण ऐकतंय.

*(तीन आठवड्यांनी)*

मंजू_डब्लिन
जाऊन आलो. हिशेब आधी : २२६ युरो. वरचे २६ अहो आणि चिरंजीवांच्या आइस्क्रीम-सरबताचे, मी विरोध केला होता.
बाबा म्युझियममध्ये दोन्ही दिवस गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दीड युरो दिला आणि दोन पेट्यांसमोरच्या बाकावर बसून राहिले. "बिचारा किंतेरो" असं चार वेळा म्हणाले. तोफा मोजल्या, एकोणीसवर सोडून दिल्या. ताविराला बाप-लेक गेले. अंधाऱ्या खोलीत मुलाने कागदावर कावळा पकडला, म्हणे. तो सीगल असणार.
आई कॅथेड्रलचा आख्खा मनोरा चढली. आम्ही मध्येच थांबू म्हणत होतो, तर तिने आम्हालाच मागे टाकलं. वर गेल्यावर म्हणाली, "जोतिबाच्या पायऱ्यांपेक्षा हे सोपं."
दुसऱ्या संध्याकाळी लेवांते सुटला आणि बोट रद्द. धक्क्यावर पोरगं रडायला लागलं. ट्रेनने परत गेलो, स्टेशन धक्क्याजवळच आहे म्हणून निभावलं. रात्री दहाला आईने मुगाची खिचडी टाकली.

सेवियाची_सून
म्हणून सांगत होते जुन्या गावात राहा.

मंजू_डब्लिन
खिचडी कुठे मिळाली असती गं तिथे?

पोटोबा
पारादोरला विचारलं असतंत तर करून दिली असती बहुतेक.

कोकणी_जवळा
धिरडी खाल्ली का कुणी?

मंजू_डब्लिन
बाबांनी. तीन. म्हणाले बेसन जरा जास्त झालंय.

कोकणी_जवळा
बाबांना सांगा, कुठल्या दुकानात खाल्ली ते महत्त्वाचं आहे. तेल गरम नसेल तर तसं लागतं.

अवलिया_६२
कादिथमध्ये बेसन कमीच घालतात.

खवचट
काई, काका. काई.