करॉलाच्या घोड्यांना सरकारी पैसा का मिळत नाही?

प्रश्न (कॅरी, नॉर्थ कॅरोलिना)
आई भारतातून आली आहे. गेल्या शनिवारी तिला घेऊन आउटर बँक्सला, म्हणजे इथल्या किनाऱ्यालगतच्या वाळूच्या बेटांवर गेलो. करॉला गावापाशी (टोयोटाच्या 'कोरोला' गाडीसारखा उच्चार केलात तर स्थानिक लोक दुरुस्त करतात) डांबरी रस्ता संपतो. पुढे टूरवाल्यांचा ट्रक थेट पुळणीवरून जातो. चार घोडे पाण्याच्या कडेला उभे होते, एक शिंगरू आईला चिकटून. गाइड म्हणाला, स्पॅनिश लोकांनी आणलेल्या घोड्यांचे हे वंशज, आता शंभराच्या आसपास उरलेत.

माझ्या आईचं माहेर बारामतीकडचं. धनगरांच्या मागून चालणारी तट्टं बघत ती वाढली. तिचा पहिला प्रश्न: "यांचा मालक कोण?" गाइड म्हणाला, कुणीच नाही, एक संस्था देणग्यांवर काळजी घेते. मी तर समजत होतो की जंगली घोड्यांवर आपल्या टॅक्समधून कोट्यवधी जातात. मग यांना का नाही?

उत्तर १ (रीनो, नेवाडा)
जातात ना! वर्षाला साधारण 15 कोटी डॉलर, आणि त्यातला दोन-तृतीयांशाच्या आसपास पैसा संख्या कमी करायला पकडून आणलेल्या घोड्यांना नुसतं पोसण्यात संपतो. असे साठ हजारांवर घोडे कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत आहेत. माळावर घोडे आणि गाढवं मिळून 73 हजारांच्या घरात फिरतात. सरकारच्याच हिशेबानं जमिनीला 27 हजारही झेपत नाहीत. माळावरचे निम्म्याच्या आसपास आमच्या नेवाडात. दुष्काळात सुकलेल्या झऱ्यापाशी उभी हाडं बघितलीत की "स्वातंत्र्याचं प्रतीक" वगैरे तोंडात येत नाही. आणखी एक डॉलरही नको, असं माझं मत.

उत्तर २ (विल्मिंग्टन, नॉर्थ कॅरोलिना)
रीनोकरांचा राग बरोबर आहे, पण ते बोलताहेत संख्या आवरण्याबद्दल. जात जपणं हे वेगळं काम. पश्चिमेतले बहुतेक कळप सरमिसळ रक्ताचे. लष्कराचे, शेतकऱ्यांनी सोडून दिलेले, सगळे त्यात आले. स्पॅनिश रक्त ठळक दिसतं ते मोंटानाच्या प्रायर पर्वतासारख्या मोजक्या ठिकाणी.

जंगली घोड्यांना संरक्षण देणारा 1971चा कायदा फक्त दोन संघीय खात्यांच्या जमिनींना लागू आहे: भूव्यवस्थापन आणि वन. करॉलाची बरीच जमीन खासगी, काही वन्यजीव आश्रयस्थानाची. आश्रयस्थानवाले म्हणतात घोडा इथला मूळ प्राणीच नव्हे, आम्ही पाणपक्ष्यांसाठी आहोत. म्हणजे आईंच्या प्रश्नाचं उत्तर जमिनीच्या सातबाऱ्यात आहे!

त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला शॅकलफर्ड बँक्स बघा. ते बेट राष्ट्रीय उद्यान खात्याकडे. 1996 साली तिथं रक्ततपासणीत संसर्गजन्य अ‍ॅनिमिया निघाला आणि 76 घोडे मारले गेले. लोक इतके खवळले की 1998 साली खास त्या कळपासाठी संसदेत कायदा झाला. आता खातं आणि स्थानिक संस्था मिळून 120-130 घोडे राखतात, माद्यांना डार्टनं गर्भनिरोधक लस देतात. मी दोनदा बोटीनं गेलो आहे. भपका काही नाही, एक वही आणि प्रत्येक घोड्याची नोंद.

करॉलासाठीही असंच विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झालं होतं, सिनेटमध्ये अडलं. शंभरेक जनावरांत नवं रक्त आलं नाही तर नात्यातच पैदास होणार. मला विचाराल तर पैसा इथं घालावा. रक्कम छोटी, आणि उपयोग दिसणारा.

उत्तर ३ (पुणे)
आईंनी पाहिलेल्या धनगरांच्या तट्टांना, म्हणजे भीमथडी घोड्याला, अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. पण ती इतकी वर्षं टिकली कारण धनगरांना ओझं वाहायला तट्टू लागतंच. करॉलाच्या घोड्याला काय काम आहे?

उत्तर ४ (विल्मिंग्टन)
फोटोत उभं राहणं. हसू नका, त्या गावाची टूर-कमाई त्यावरच आहे. मग टूरच्या तिकिटावर जास्तीचा कर लावा, असं म्हणायला मी तयार आहे. आणि एक विनंती, तिथं काही खायला देऊ नका. 2020 साली एक वर्षाचं शिंगरू सफरचंद घशात अडकून गेलं. जवळ जायचं तर 50 फूट अंतर ठेवायचं, असा नियमच आहे.

प्रश्नकर्ता
आईनं पर्समध्ये गाजरं आणली होती. गाइडनं वेळेवर बघितलं. घरी येऊन तिनं त्यांची कोशिंबीर केली. आणि जेवताना पुन्हा: "पण सातबारा कुणाच्या नावावर?"