गोव्याच्या पोर्तुगीज रेडिओवर हिंदी गाणी लागायची का?

बांदा_नाका:
मंडळी, एक शंका आहे. आमचे आजोबा गोव्याच्या सीमेजवळच्या बांद्याचे, नव्वदीला आलेत. परवा रेडिओचा विषय निघाला तर म्हणाले आम्ही शाळेत असताना पिक्चरची गाणी गोवा स्टेशनवर ऐकायचो, आकाशवाणीवर कुठे लागायची. आता गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, त्यांना आपल्या गाण्यांचं काय पडलंय? मला वाटतं ते रेडिओ सिलोनशी (श्रीलंकेचं स्टेशन) गल्लत करतायत, पण तसं म्हटलं की चिडतात.

जुना_व्हॉल्व्ह:
चिडणारच ना, बरोबर सांगतायत ते! स्टेशनचं नाव एमिसोरा द गोवा, 1946 ला पणजीत सुरू झालेलं, सरकारी. पोर्तुगीज, कोकणी, मराठी, इंग्रजी सगळं चालायचं. आणि हिंदी गाण्यांचं म्हणाल तर ती कृपा आपल्याच मराठी मंत्र्याची, बा. वि. केसकर. 1952 ला नभोवाणी खातं त्यांच्याकडे आलं आणि सिनेसंगीत म्हणजे थिल्लर, लोकांनी शास्त्रीय ऐकावं असं त्यांचं ठाम मत, त्यामुळे आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ गायबच झाली. लोक काय सुई फिरवायचे थांबणारेत? बिनाका गीतमालावाल्या सिलोनचं सगळ्यांना माहितीय, पण गोव्यालाही त्यात आयता श्रोता मिळाला हे कोणी सांगत नाही. शेवटी दिल्लीला 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावीच लागली.

कॅसलरॉक_एक्सप्रेस:
+1. फक्त गोडगोड चित्र नको बरं का. गाणी ठीक, पण बातम्या लिस्बनला सोयीच्याच असणार. त्यावर उतारा म्हणून आपल्या बाजूच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालायचा, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, दोघंच मुख्य. नोव्हेंबर 1955 ला सुरुवात, आधी आंबोली घाटात मग कॅसलरॉककडे, कोकणीत आणि पोर्तुगीजमधे, थेट मुक्तीपर्यंत म्हणजे सहा वर्षं. 19 डिसेंबर 1961 ला हेच दोघं विमानातून लाऊडस्पीकरवर गोवा मुक्त झाल्याचं सांगत फिरले. लिबियाताईंना पद्मश्री मिळाली ती 2025 ला, फारच उशीर केला राव.

बांदा_नाका:
बापरे, आंबोली तर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आजोबांना आत्ताच विचारून आलो. म्हणतात गावात वीज नव्हती, खोताकडे बॅटरीवरचा रेडिओ, बॅटरी महाग म्हणून मोठी माणसं बातम्या झाल्या की खटकन बंद करायची. एरियल म्हणजे दोन माडांच्या मधे बांधलेली तांब्याची तार. खोत बाजारला गेले की पोरं गोवा लावायची आणि एक जण व्हाळीवर (ओढ्यावर) पहाऱ्याला. 1955 च्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रहाला त्यांचे काका गेलेले, त्याच घरात पोरं गोव्याची गाणी ऐकायची 😄 मग शेवटी त्या स्टेशनचं झालं काय?

जुना_व्हॉल्व्ह:
18 डिसेंबर 1961 ला हवाई दलाच्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं, दुसऱ्या दिवशी शरणागती. 1962 ला आकाशवाणी पणजी सुरू झाली, आल्तिनोच्या टेकडीवर. म्हणजे पणजी केंद्र आयतं उगवलं नाही, आधीचा श्रोता तयार होता. एमिसोराच्या इतिहासावर मराठीत फार कमी लिहिलंय, मुक्तिसंग्राम म्हटलं की बंदुका आणि सत्याग्रह, रेडिओ एका ओळीत संपतो.

कॅसलरॉक_एक्सप्रेस:
बांदा_नाका, एक काम करा, मोबाईलवर आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. संध्याकाळी किती वाजता लागायचं, निवेदन मराठीत असायचं का, फर्माईशी घ्यायचे का, आणि खोतांनी कधी पकडलं का, हे नक्की विचारा.