भुईचाफ्याला पानं भरपूर, फुलं नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घर गुहागरजवळ, मागे नारळ-पोफळीचं आगर. पोफळींच्या कडेला सावलीत भुईचाफा लावलाय. पावसाळ्यात पानं बघत राहावीत अशी येतात: वरून हिरव्याच दोन छटांची नक्षी, खालून जांभळट. पण चैत्र-वैशाखात फूल एकही नाही.

गड्डे शेजारच्या वाडीतल्या काकूंनी दिले. त्यांच्याकडे गडग्यालगत (दगडी कुंपणालगत), रातांब्याखाली तो दरवर्षी फुलतो. तेव्हा पानाचा पत्ता नसतो, तापलेल्या मातीतून थेट पांढरी-जांभळी फुलं वर येतात. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण त्या वासासाठी मी वाट वाकडी करून तिथून जाते. आमच्या दारात तो फुलावा असं फार मनात आहे.

दोन्हीकडे जांभ्याचीच माती, निचरा चांगला. फरक पाण्याचा दिसतो. काकूंच्या गडग्याशी पाऊस संपला की कोणी पाणी घालत नाही. आमच्याकडे शिंपणं उन्हाळाभर चालू, पोफळींचं पाणी तोडता येत नाही. भुईचाफा आल्या-हळदीच्या कुळातला. पानं वाळल्यावर गड्ड्याला कोरडी विश्रांती हवी, आणि फुलायच्या वेळी पानं नसल्यामुळे ते फूल साठवणीवरच येणार. आमच्याकडची पानं मात्र पौषापर्यंत अर्धवट हिरवी राहतात. विश्रांती मिळतच नसावी, असा माझा अंदाज. की सावली जास्त होतेय? रातांब्याखाली सकाळचं ऊन थोडं तरी येतं, पोफळींत तेवढंही नाही.

हळदीचं बियाणं ठेवतात तसे गड्डे काढून कोरड्या रेतीत ठेवावेत, की जागेवरच ठेवून पाट दुसरीकडून वळवावा? काढले तर परत कधी लावायचे? माघात लावून फूल जमिनीतून येऊ द्यायचं, की थेट मृगाच्या तोंडावर? आणि गड्डे फोडून सुटे केले तर फुलायला आणखी वेळ लागतो का? गडग्याकडे हलवायलाही मी तयार आहे, फक्त तिथे साळिंदर फिरतो, कंद उकरून खातो. त्यावर कोणी काय करतं?

जंगलातून फुललेले गड्डे खणून आणा, असं कृपया सुचवू नका. आहेत तेच फुलवायचे आहेत.

शिंपणाच्या आगरात कोणाकडे भुईचाफा फुलत असेल, तर पाणी कधी तोडता आणि कधी सुरू करता, तेवढं जरूर सांगा.