कामकरी माशीला ‘त्यागमूर्ती’ म्हणणं थांबवा

मास्तर_राजारामपुरी
कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ‘कामकरी माशी स्वतःची पोरं सोडून पोळ्यासाठी झिजते, माणसानं हा त्याग शिकावा.’ वाचून चीड आली. नर बिनफलित अंड्यातून होतो, त्यामुळे बापाकडून सगळ्या लेकींना तीच जनुकं; म्हणून सख्ख्या बहिणींत जनुकांचं नातं ३/४, पोटच्या लेकीशी निम्मंच. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टननं १९६४ साली हा हिशेब मांडला. बहिणी वाढवण्यात तिच्याच जनुकांचं भलं आहे.

पेटीवाला_पाटगाव
सख्ख्या बहिणी असतात किती, सर? राणी दहा-दहा नरांशी जुळते. पेटीत बहुतेक सावत्रच, नातं पाव. वाळवीचे नर तर फलित अंड्यातूनच होतात, म्हणजे तिथं ३/४ नाहीच, तरी वारूळ उभं राहतंच की! माझ्या सातेरी माशांच्या पेटीतली राणी मेली, तेव्हा कामकऱ्यांनी पोळ्याच्या एकेका घरात तीन-तीन अंडी घातली. सगळे नर निघाले, वसाहत संपली. म्हणजे पोरांची ओढ होतीच. राणी असताना दाबलेली.

उसाचं_रान
माशी उरली तर चर्चा! शेजाऱ्यानं भर दुपारी फुलोऱ्यावर औषध मारलं. आमच्या दोडक्याला फळच धरलं नाही.

पेटीवाला_पाटगाव
सांजचं फवारा म्हणून सांगून माझा घसा बसला.

कागलकर
धरा शेतकऱ्यालाच! सांजेला मजूर तुम्ही देणार? कीड पडली तर भरपाई देणार? आणि आग्या मोहोळ पेटवून मध काढणाऱ्यांना कोण बोलणार?

पेटीवाला_पाटगाव
त्यांच्यात मला मोजू नका. मी यंत्रानं मध काढतो, पिल्लांच्या चौकटीला हात लावत नाही. बघितल्याशिवाय बोलू नये.

मास्तर_राजारामपुरी
मुद्द्यावर या. सावत्रपणा नंतर आला. २००८च्या तुलनात्मक अभ्यासात दिसलं, की माश्या-मुंग्यांचे असे समाज एकाच नराशी जुळणाऱ्या माद्यांपासून सुरू झाले. दाबलं जातं हे मान्य, पण दाबतं कोण? बहिणीच! कामकऱ्यांनी घातलेली अंडी दुसऱ्या कामकरी खाऊन टाकतात, हे रॅटनिक्स आणि विशर या संशोधकांनी १९८९मध्ये दाखवलं. सावत्र बहिणीच्या मुलाशी नातं १/८, राणीच्या मुलाशी १/४, म्हणजे राणीचाच मुलगा जवळचा. तुमच्या सावत्रपणातूनच माझा हिशेब जुळतो.

पेटीवाला_पाटगाव
अंडी खाण्याचं पटलं, तेवढंच. मग ३/४चा धोशा सोडा. आणि वाळवीचं उत्तर अजून दिलं नाहीत.

उसाचं_रान
वाळवी राहू दे. दोडका परत लावतोय, बांधावर दोन पेट्या ठेवाल का? भाडं देतो.

पेटीवाला_पाटगाव
आधी शेजाऱ्याकडून फवारणीची वेळ ठरवून घ्या, मग पेट्या.