मदत हवी आहे: सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटरची मुलाखत

रातपाळी (धागाकर्ती)
मंडळी, नमस्कार. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे, बरीच वर्षं झाली. शिक्षण बी.एस्सी., इंग्रजी चांगलं आहे, फावल्या वेळात इंग्रजी भाषांतरं करते. ओळखीतून पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटरच्या (सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देणाऱ्याच्या) जागेसाठी रेझ्युमे दिला होता. एचआरचा फोन झाला, येत्या गुरुवारी बोलावलंय. आधी तासाभराची लेखी परीक्षा आणि मग पॅनेल. पॅनेलमध्ये एक डेव्हलपर असणार म्हणे, खरी धास्ती त्याचीच आहे.

लेखी परीक्षेत नेमकं काय देतात? व्याकरण? कामाचे नमुने आणायला सांगितलेत, पण माझ्याकडे आहेत त्या मराठी बातम्या. भाषांतरं क्लायंटची, ती दाखवता येत नाहीत. शिवाय एका मैत्रिणीला दुसऱ्या कंपनीने 'असाइनमेंट' म्हणून अख्खं युजर गाइड लिहायला लावलं आणि नंतर तिचा फोनच उचलला नाही. माझ्यावर तशी वेळ आली तर नाही कसं म्हणायचं?

मुलाखत दिलेल्यांनी आणि घेणाऱ्यांनी लिहा प्लीज. 'आत्मविश्वास ठेवा, रात्री लवकर झोपा' नको. आयडी बघा माझा.

तळटीप
याच लाइनमध्ये आहे, मुलाखती घेतो. व्याकरण बघतोच, पण त्यावर कुणी फारसं गळत नाही. गळतात ते क्रमावर.

आम्ही देतो तो एक प्रश्न सांगतो (आता बदलावा लागेल): आयआरसीटीसीवर तत्काळ तिकीट कसं काढायचं, ते पहिल्यांदाच काढणाऱ्यासाठी लिहा. बहुतेक जण 'वेबसाइट उघडा, लॉगिन करा' इथून सुटतात आणि सातव्या पायरीला कधीतरी सांगतात, की प्रवासाच्या आदल्या दिवशी एसीचं बुकिंग सकाळी १० वाजता आणि नॉन-एसीचं ११ वाजता उघडतं. वाचणारा तोवर दुपारी निवांत लॉगिन करून वेटिंग लिस्ट बघत बसलेला असतो. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खात्याची आधार पडताळणी झालेली लागते. हेही पायऱ्यांच्या पोटात नाही टाकायचं, सगळ्यात वर 'सुरू करण्यापूर्वी' या मथळ्याखाली द्यायचं. आणि लिहायला घेण्याआधी जो विचारतो, की वाचणारा मोबाइलवर आहे की कॉम्प्युटरवर, त्याचं खातं आहे का, त्याच्या नावापुढे माझी तिथेच एक टिक पडते.

दुसरा भाग संपादनाचा. इंग्रजीतच असतो, इथे मराठीत मासला देतो: 'डिलीट दाबा, जर जुनी फाइल काढून टाकायची असेल तर. मात्र ही फाइल परत मिळत नाही.' बोट बटणावर पडल्यावर इशारा वाचून काय उपयोग? इशारा आधी, मग अट, मग कृती: 'काढलेली फाइल परत मिळत नाही. जुनी फाइल काढायची असेल, तर डिलीट दाबा.' गूगलची डेव्हलपर डॉक्युमेंटेशन स्टाइल गाइड आणि मायक्रोसॉफ्टची रायटिंग स्टाइल गाइड, दोन्ही नेटवर फुकट आहेत. पाठ करत बसू नका, दोन्हींतली पायऱ्या कशा लिहायच्या ती प्रकरणं वाचा.

डेव्हलपरला घाबरू नका. तो त्याच्या भाषेत एखादं फीचर सांगेल आणि तुम्ही काय विचारता ते बघेल. नुसती मान डोलावणारे तिथेच संपतात. रात्री बाराला वार्ताहराला फोन करून 'अपघात किती वाजता, कुठल्या चौकात, हे कोण सांगणार?' म्हणून झापणाऱ्या बाईंना हे जड जाऊ नये.

आळशी बोका
नमुन्यांचं सांगतो. क्लायंटचं काम दाखवू नकाच, 'नाव खोडून' वगैरे तर अजिबात नाही. समोरचा मनात म्हणतो, उद्या आमचंही असंच दाखवेल.

त्यापेक्षा ओपन-मिटिओ घ्या. हवामानाचा एपीआय आहे (म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय), वैयक्तिक वापराला फुकट, त्यासाठी वेगळी 'की' (पासवर्डसारखा कोड) घ्यावी लागत नाही, पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की उत्तर येतं. पुण्याचे अक्षांश-रेखांश द्या (१८.५२, ७३.८६) आणि ताशी पाऊस मागा. जे मिळेल त्यावर दोन पानं लिहा: कशासाठी आहे, विनंती कशी करायची, कुठला पॅरामीटर (विनंतीत भरायची किंमत, जसे अक्षांश) काय करतो, उत्तर कसं वाचायचं. आता खरी गंमत. मुद्दाम अक्षांश ५०० टाका. ४०० एरर (म्हणजे 'विनंतीच चुकीची आहे') येते आणि सोबत कारणही येतं. ते नीट लिहा. यशस्वी उदाहरण सगळेच देतात. चुकलं तर काय दिसेल आणि मग काय करायचं, हे लिहिणारे फार थोडे. आमच्या पॅनेलमधला डेव्हलपर थेट तेवढंच पान उघडतो.

मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मथळे-याद्या करायची पद्धत) लिहून गिटहबवर ठेवा. डेव्हलपर फाइलींतले बदल गिट या टूलने नोंदवतात आणि गिटहब ही त्या फाइली ठेवायची साइट, म्हणजे 'गिट येतं का?' याचंही थोडंफार उत्तर झालं. वेळ उरला तर गूगलचा टेक्निकल रायटिंग वन हा फुकट कोर्स एका बैठकीत होतो. ठीक आहे, थोर काही नाही.

शेपूची भाजी
मैत्रिणीचं वाचून माझी जखम उघडी पडली. माझ्याकडून एका स्टार्टअपने (नाव घेत नाही) इन्स्टॉलेशन गाइड, एफएक्यू आणि वर रिलीज नोट्स लिहून घेतल्या. तेही त्यांच्या खऱ्या, बाजारात असलेल्या प्रॉडक्टच्या! उत्तर आजतागायत नाही.

आता मी फोनवरच विचारते: किती तासांचं काम आहे, आणि प्रॉडक्ट तुमचं खरं आहे का? दोनतीन तासांचं असेल तर करते. त्याहून मोठं असेल तर सांगते, 'एवढ्याला मी पैसे घेते. नाहीतर एखाद्या ओपन सोर्स प्रॉडक्टवर तेवढंच लिहून देते, तुम्हाला पद्धत बघायचीये ना?' चांगल्या कंपन्या लगेच हो म्हणतात. ज्या चिडल्या, त्यांच्यापासून मीच सुटले. तुमची परीक्षा ऑफिसात तासाभराची आहे, म्हणजे इथे तरी काळजी नको.

जुना पीसी
डिटा (मजकूर छोट्या टॉपिकांत तोडून लिहायची एक ठरलेली पद्धत) येतं का, असं हमखास विचारतात. थोडं वाचून रेझ्युमेत टाका. आणि एसटीसीची (टेक्निकल रायटर्सची अमेरिकेतली संघटना) मेंबरशिप घ्या, वजन पडतं.

तळटीप
@जुना पीसी, एसटीसी जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली, दिवाळखोरीत गेली. मुलाखतीत कुणी 'मेंबर होणार आहे' म्हटलं तर पंचाईत. माणसांशी बोलायचं असेल तर राइट द डॉक्स या डॉक्युमेंटेशनवाल्यांच्या गटाचं स्लॅक (गप्पांचं ॲप) आहे, तिथे भरपूर लोक असतात.

आणि न वापरलेलं डिटा रेझ्युमेत टाकू नका हो. पुढचाच प्रश्न येतो, 'मॅप (टॉपिक एकत्र जोडणारी यादी) कसा बांधला होता?' संकल्पना, कृती आणि संदर्भ हे वेगवेगळे टॉपिक करून लिहायचं आणि ते हवे तिथे परत वापरायचे, एवढं समजलंय आणि टूल हाताळलेलं नाही, असं सरळ सांगा. टूल आम्ही शिकवतो.

रातपाळी (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. तत्काळचं आजच लिहून बघते. एकच राहिलं: एआयबद्दल विचारतात का? आणि मराठी बातम्या न्यायच्याच नाहीत का?

आळशी बोका
विचारतात. मला तर एआयने लिहिलेली मदतीची दोन पानं आणि डेमो खातं दिलं होतं, म्हणाले चुका शोधा. इंग्रजी गुळगुळीत, पण 'सेटिंग्जमध्ये जाऊन एक्स्पोर्ट ऑल दाबा' असं लिहिलेलं आणि तसं बटण अख्ख्या प्रॉडक्टमध्ये कुठेच नाही. जे लिहिलंय ते एकेक दाबून बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं. बसून नुसतं वाचणाऱ्यांना सापडलं नाही.

तळटीप
बातम्या न्या, पण एकच. वार्ताहराची मूळ कॉपी असेल तर ती आणि तुम्ही लावलेली बातमी, शेजारीशेजारी. मूळ कॉपी बाहेर दाखवलेली चालते का, तेवढं डेस्कवर विचारून घ्या. पॅनेलवर मराठी येणारा कुणी नसला तरी काय कापलं आणि काय वर आणलं, ते इंग्रजीत सांगता येईल.

शेपूची भाजी
आणि नोटीस पिरियड विचारतील. दैनिकात महिन्याचा असेल तर तो आपणहून सांगा. आयटीतल्यांचे तीन-तीन महिन्यांचे असतात, एचआर तेवढ्यावरच खूश होतं.