व्हिडिओ अडखळतो आणि मराठी सबटायटल दिसत नाहीत : दोष फाइलचा की लॅपटॉपचा?

वाचनालय_मित्र

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात महिन्यातील एका शनिवारी आम्ही मुलांना माहितीपट दाखवतो. या वेळी पाणथळ जागांवरील पक्ष्यांविषयीचा माहितीपट निवडला आहे. शैक्षणिक वापरासाठी तो मोफत उतरवून घेण्याची सोय निर्मात्यांनीच केली आहे. फाइल एमकेव्ही प्रकारची, सुमारे ३ जीबीची आणि ५२ मिनिटांची आहे. इंग्रजी सबटायटल त्या फाइलच्या पोटातच आहेत. मराठी सबटायटल मात्र आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी, ज्यांची उमेदीची वर्षे छापखान्यात अक्षरजुळणी करण्यात गेली, तीन आठवडे बसून वेगळ्या फाइलमध्ये टंकून दिली आहेत.

वाचनालयाचा लॅपटॉप २०१४ सालचा, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा आहे. ८ जीबी रॅम, विंडोज १० आणि व्हिडिओ चालवायला व्हीएलसी हा प्लेअर. त्यावर आवाज व्यवस्थित येतो, पण चित्र अडखळते. बगळा मान मागे घेतो आणि पुढच्याच क्षणी चोचीत मासा धरून उभा दिसतो. मधले काही घडलेच नाही असे वाटते. मराठी सबटायटल तर मुळीच येत नाहीत. हीच फाइल पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावली, तेव्हा चित्र अगदी सुरळीत चालले, परंतु तेथे इंग्रजी सबटायटलही दिसली नाहीत. फाइल दोनदा उतरवून पाहिली, आकार तोच आहे. जुने माहितीपट याच लॅपटॉपवर विनातक्रार चालतात. दोष नेमका कशात आहे?

गच्चीवरून

एखादा चांगला कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या डीकोडरांचा संच) टाकून पाहावा. माझ्या जुन्या संगणकावर त्यानेच काम भागले होते.

प्रक्षेपक

गच्चीवरून यांच्याशी मी सहमत नाही. व्हीएलसी आपले डीकोडर स्वतःबरोबरच घेऊन येतो आणि विंडोजमध्ये बसवलेल्या कोडेक पॅककडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय असे पॅक कोठून उतरवले जातात हे पाहता, सार्वजनिक संस्थेच्या संगणकावर ते टाकूच नयेत असे मी म्हणेन.

तुमच्या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणून त्या वेगळ्या हाताळाव्यात. चित्राबद्दलचा पुरावा तुम्ही स्वतःच दिला आहे : आवाज नीट आहे आणि तीच फाइल टीव्हीवर सुरळीत चालते. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह संथ असता, किंवा फाइल अर्धवट उतरली असती, तर आवाजही तुटला असता. प्लेअर आवाजाच्या घड्याळावर चालतो आणि जे चित्र वेळेत उलगडून होत नाही ते सरळ टाकून देतो. सेकंदाला २४ चित्रे असतील, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम ४२ मिलिसेकंद येतात. तुमच्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात काम आटोपत नाही आणि बगळ्याचा मधला झेप घेण्याचा क्षण गळून जातो.

खात्री करायची असेल तर व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे या कळा एकत्र दाबा. कोडेकच्या रकान्यात एच.२६५ किंवा एचईव्हीसी लिहिलेले आहे का, हे पाहा. त्याच खिडकीतील आकडेवारीच्या पानावर गहाळ झालेल्या चित्रांची संख्या वाढत जाताना दिसेल. एच.२६५ (यालाच एचईव्हीसी म्हणतात) हे व्हिडिओ दाबून साठवण्याचे मानक २०१३ साली आले. तोच दर्जा ते २००३ च्या एच.२६४ पेक्षा बऱ्याच कमी जागेत बसवते, पण उलगडताना गणित कितीतरी जास्त करावे लागते. नव्या प्रोसेसरांत या कामासाठी चिपवर स्वतंत्र जागा राखलेली असते. इंटेलच्या बाबतीत ८ बिट (बिट म्हणजे रंगछटा किती बारकाईने साठवल्या त्याचे माप) एच.२६५ साठी ती सहाव्या पिढीत आली आणि १० बिटसाठी सातव्या पिढीत. चौथ्या पिढीत ती नाहीच, त्यामुळे सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. तुमच्या टीव्हीच्या चिपमध्ये ती आहे, एवढाच फरक.

व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये हार्डवेअर डीकोडिंग 'ऑटोमॅटिक' आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे, पण त्यातून फारशी आशा धरू नये. जे यंत्रात नाही ते सेटिंगने येणार नाही. खरा उपाय म्हणजे हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम घेऊन फाइलची एच.२६४, ८ बिट, ७२० ओळींची प्रत काढणे. वाचनालयाच्या पडद्यावर ७२० आणि १०८० यांतला फरक मागच्या रांगेतल्या मुलांना कळणार नाही. तुमच्या लॅपटॉपला या कामाला बराच वेळ लागेल, म्हणून रात्री लावून द्यावे.

सबटायटलसाठी आधी फक्त नाव तपासा. व्हिडिओचे आणि सबटायटलचे नाव अक्षरशः एकच हवे आणि शेवटी एसआरटी (सबटायटल फाइलचा प्रकार) हे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, हवे. विंडोज ही शेपटे लपवून ठेवते, हे विसरू नये.

वाचनालय_मित्र

आपले मनापासून आभार. कोडेक एचईव्हीसी, १० बिट असेच निघाले. दोन मिनिटांत नऊशेहून अधिक चित्रे गळाली आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांवरून खाली यायला तयार नव्हता. हँडब्रेकने रात्रभरात काढलेली प्रत आता लोण्यासारखी चालते आहे.

शेपटाचा अंदाजही अचूक ठरला. एक्सप्लोररमध्ये शेपटे दाखवण्याची खूण केल्यावर दिसले की फाइलच्या नावात एसआरटीच्या पुढे आणखी एक टीएक्सटी चिकटले आहे. ते काढताच पडद्यावर मजकूर येऊ लागला, वेळाही बरोबर जुळतात, पण तो मराठी नाही. रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे यांची नुसती खिचडी दिसते. यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) निवडून पाहिले, फॉन्टही निर्मला यूआय ठेवून पाहिला, काही फरक नाही. सहकाऱ्यांच्या घरी मात्र हीच फाइल सुरेख मराठीत उघडते, त्यामुळे ते थोडे नाराज झाले आहेत.

खिळेजुळारी

तुमच्या सहकाऱ्यांची काही चूक नाही, हे त्यांना आधी सांगा. मीही वीस वर्षे डीटीपी केले आहे, त्यामुळे खिचडी म्हटल्याबरोबर रोग ओळखला. त्या फाइलमध्ये देवनागरीचे एकही अक्षर नाही.

युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी आपण जे मराठी फॉन्ट वापरत होतो, त्यांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. कळ रोमन, साठवलेला संकेत रोमन, आणि डोळ्यांना दिसे मराठी. त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट आहे म्हणून मराठी दिसते. तुमच्याकडे नाही म्हणून खाली दडलेले रोमन वर येते. नुसते यूटीएफ-८ निवडून हे सुटत नाही. मजकूरच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असल्यामुळे नेमक्या त्याच फॉन्टसाठी बनवलेला रूपांतरक लागतो. तेव्हा त्यांना प्रथम फॉन्टचे पूर्ण नाव विचारून घ्या.

पुढचा खड्डा मी स्वतः पडून पाहिलेला आहे. सगळी फाइल उचलून रूपांतरकात टाकू नका. एसआरटीमध्ये प्रत्येक संवादावर वेळेची एक ओळ असते : तास, मिनिटे, सेकंद, स्वल्पविराम, मिलिसेकंद, मग दोन आडव्या रेघा आणि बाण. तुमची खिचडी वेळेवर अवतरते, याचा अर्थ त्या ओळी आज प्लेअरला समजत आहेत. रूपांतरक त्यांतले आकडे देवनागरी करील, बाणाच्या जागी एखादे अर्धे अक्षर ठेवील, आणि मग पडद्यावर काहीच येणार नाही. त्यामुळे फाइल स्प्रेडशीटच्या एका रकान्यात चिकटवावी, फक्त मजकुराच्या ओळी रूपांतरित करून त्याच जागी परत ठेवाव्यात आणि ओळींची एकूण संख्या बदललेली नाही हे पाहावे.

मग वाचन. पहिली वेलांटी आणि रफार यांच्याकडे विशेष लक्ष द्या. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी आणि अक्षर नंतर टंकले जाई, युनिकोडमध्ये क्रम उलटा आहे. 'किनारा' मधली वेलांटी 'क' ला सोडून 'न' वर जाऊन बसली, असे प्रकार जोडाक्षरांजवळ हमखास घडतात. शेवटी नोटपॅडमध्ये जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ च ठेवा. चुकून एएनएसआय (विंडोजची जुनी पद्धत) राहिले, तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत फिरवता येत नाहीत. म्हणून मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवूनच कामाला लागा.

प्रक्षेपक

टीव्हीबद्दल सांगायचे राहिले होते. एमकेव्हीच्या पोटातली इंग्रजी सबटायटल पीजीएस प्रकारची असतील, तर ती मजकूर नसून चित्रे असतात आणि अनेक टीव्ही ती दाखवत नाहीत. लॅपटॉपवर ती पाहायची असतील तर व्हीएलसीमध्ये व्ही ही कळ दाबून ट्रॅक निवडावा. मराठीची अडचण वेगळी आहे : टीव्हीच्या फॉन्टमध्ये देवनागरी असेलच असे नाही, आणि असली तरी जोडाक्षरे फुटलेली दिसू शकतात. टीव्हीवरच दाखवायचे असेल, तर हँडब्रेकच्या सबटायटलच्या पानावर तुमची एसआरटी जोडून 'बर्न इन' निवडावे. मग अक्षरे चित्राचाच भाग होतात आणि टीव्हीला काही समजण्याची गरजच उरत नाही. मात्र ती नंतर बंद करता येत नाहीत.

वाचनालय_मित्र

काल दुपारी सहकाऱ्यांना वाचनालयातच बोलावले. फॉन्टचे नाव त्यांना तोंडपाठ होते, रूपांतरकही मिळाला. एकूण ६१४ संवाद निघाले. दोघांनी मिळून वाचताना ३७ ठिकाणी वेलांटी सरकलेली सापडली आणि त्यांतल्या बहुतेक त्यांनीच आधी पकडल्या. 'बर्न इन' केलेली प्रत टीव्हीवर लावून पाहिली. 'पाणकावळा' आणि 'चित्रबलाक' दोन्ही शब्द शाबूत दिसले. त्यांनी याच फॉन्टमध्ये टंकलेल्या आणखी चार माहितीपटांच्या फाइली घरी आहेत, त्या घेऊन ते बुधवारी येणार आहेत.